सोफीची जीभ, सोफीचा चेहरा

"मावशी, ही आत्ता तरुण होती ना? मग परत म्हातारी का झाली?"

नऊ वर्षांच्या भाचीने रिमोट हिसकावून सिनेमा थांबवला. पडद्यावर फुलांचं कुरण होतं, मध्ये तळं, आणि काठावर पाठीत वाकलेली, नाकाडी आजीबाई. काही क्षणांपूर्वी तिथेच एक मुलगी उभी होती. मधल्या वेळात कुणी मंत्र म्हटला नव्हता, वीज कडाडली नव्हती, कांडीही फिरली नव्हती. शेजारचा देखणा जादूगार तिला म्हणाला, तू सुंदर आहेस. ती ओशाळली, म्हातारपणाचं एक बरं असतं, गमवायला फार काही उरत नाही, असं काहीसं पुटपुटली. तेवढ्यात सुरकुत्या परत आल्या.

सिनेमा होता 'हाउल्स मूव्हिंग कॅसल'. जपानच्या स्टुडिओ घिब्लीचा अ‍ॅनिमेशनपट, २००४ सालचा, दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा. "जादू आहे गं, बघ पुढे," म्हणून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही, कारण सिनेमा त्याचं उत्तर शेवटपर्यंत शब्दांत देत नाही. ते मला सापडलं ज्या कादंबरीवर सिनेमा बेतला आहे तिच्यात. डायना विन जोन्स या ब्रिटिश लेखिकेची, १९८६ सालची, याच नावाची कादंबरी. गंमत अशी की कादंबरीत सोफी अशी मध्येच तरुण होऊन पुन्हा म्हातारी होतच नाही.

पुस्तक चांगलं की सिनेमा, या वादात मला पडायचं नाही. पुरणपोळी चांगली की पुरणाचे दिंड, असं विचारण्यासारखं ते आहे. पुरण एकच, पण एक तव्यावर भाजायचं, दुसरं वाफवायचं, त्यामुळे खाताना तोंडात वेगळं लागणारच. मला भाजणं आणि वाफवणं समजून घ्यायचं आहे. म्हणजे कागदावरची गोष्ट पडद्यावर नेताना नेमकं काय होतं, ते.

आधी दोन्हीकडे समान असलेली गोष्ट. सोफी हॅटर ही टोप्या बनवणाऱ्या दुकानातली थोरली मुलगी. एके दिवशी उजाड माळाची चेटकीण दुकानात येते आणि सोफीला नव्वदीची म्हातारी करून जाते. वर अटही घालते की या शापाबद्दल कुणाला सांगता येणार नाही. सोफी घर सोडून निघते आणि डोंगरात फिरणाऱ्या एका किल्ल्यात शिरते. किल्ला हाउल नावाच्या जादूगाराचा. त्याच्याबद्दल गावभर बोलबाला असा की तो तरुण मुलींची काळजं खातो. आत चुलीत कॅल्सिफर नावाचं आगीचं पिशाच्च राहतं, त्याच्यात आणि हाउलमध्ये एक गुप्त करार आहे. तू आमचा करार मोड, मी तुझा शाप काढतो, असा सौदा कॅल्सिफर सोफीशी करतो. मग ती झाडलोट करणारी बाई म्हणून तिथेच मुक्काम ठोकते. इथून पुढे कादंबरी एका वाटेने जाते आणि सिनेमा दुसऱ्या.

कादंबरीची पहिलीच कल्पना मराठी वाचकाला लगेच आपलीशी वाटेल. आपल्या कहाण्यांमध्ये आटपाट नगर असतं, आवडती राणी असते, नावडती असते, आणि नावडतीलाच शेवटी देव पावणार हे आपण पहिल्या ओळीला ओळखतो. युरोपातल्या परीकथांतही असा एक ठरलेला नियम आहे. तीन भावंडांपैकी धाकटं जिंकतं आणि थोरलं आधी तोंडावर आपटतं. जोन्सबाईंनी असा देश कल्पिला आहे, इंगरी नावाचा, जिथे हा नियम लोक खरा मानतात. तिघींत थोरली म्हणून जन्माला येणं हे तिथे नशीबच फुटकं. सोफीने या साऱ्या कथा वाचलेल्या आहेत. त्यामुळे आपल्या हातून काही होणार नाही, हे तिने स्वतःला फार आधीच बजावून ठेवलंय.

हे 'बजावून ठेवणं' लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

दुकानात दिवसभर एकटी बसून सोफी टोप्यांना फिती लावते आणि कंटाळा घालवायला त्यांच्याशी बोलते. एका टोपीला सांगते, तुझं मन सोन्याचं आहे, कुणीतरी बडा माणूस ते ओळखेल. दुसरीला बजावते, तू बाई पैसेवाल्याशीच लग्न कर. एकटं माणूस भांड्यांशी, झाडांशी बोलतं तसंच हे, म्हणून वाचकही पुढे जातो. काही पानांनंतर कळतं की अशीच एक साधी टोपी नेणारी साधी मुलगी एका काउंटबरोबर, म्हणजे बड्या सरदाराबरोबर, पळून गेली. दुकानात गर्दी वाढते. सोफीला यातलं काहीच कळत नाही. वाचकालाही चट्कन कळत नाही, आणि इथेच लेखिकेची चलाखी आहे. किल्ल्याकडे जाताना घेतलेल्या काठीशी सोफी बोलते, हाउलचा फाटलेला झगमगीत कोट शिवता शिवता 'तुझं कामच पोरी गटवायचं' असं त्याला टोमणे मारते, आणि कोट खरंच तसा होऊन बसतो.

पुस्तक बरंच पुढे गेल्यावर मिसेस पेन्टस्टेमन भेटतात. या हाउलच्या गुरू, कडक शिस्तीच्या वृद्ध बाई. सोफीच्या हातातल्या काठीकडे बघून त्या सांगतात की ही काठी तू बोलून बोलून जागी केली आहेस. तुझ्या बोलण्याने वस्तूंत जीव येतो. सोफी अवाक होते. मी मात्र पानं उलटून पुन्हा पहिल्या प्रकरणावर आले, आणि तिथे सगळं उघडंनागडं लिहिलेलं होतं.

मराठीत याला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. 'शुभ बोल रे नाऱ्या' आपण उगाच म्हणत नाही. घरात वाईटसाईट बोललं की आजी म्हणायची, वास्तू तथास्तु म्हणत असते, जिभेला आवर घाल. सोफीचं म्हणजे अगदी हेच. तिला वाचासिद्धी आहे आणि तिलाच त्याचा पत्ता नाही.

आता म्हातारपणाकडे या. चेटकीण निघून गेल्यावर सोफी आरशात बघते तेव्हा ती रडत नाही. आरशातल्या म्हातारीला धीर देते की बाई, तू तब्येतीने ठणठणीत दिसतेस, आणि खरं सांगायचं तर तू आतून होतीस तशीच आता दिसते आहेस. ज्या बाईच्या शब्दाने टोपीचं नशीब फिरतं, ती स्वतःला हे सांगते आहे! शाप चेटकिणीने घातला, पण त्याला रोज पाणी घातलं सोफीनेच. पुढे हाउल कबूल करतो की त्याने गुपचूप तिचा शाप काढायचा प्रयत्न केला होता, जमलं नाही, तेव्हा त्याला वाटलं की हिला हे सोंगच आवडत असावं. 'मी थोरली, माझं काही होणार नाही' हे इतक्या वर्षांचं बजावणं अखेर अंगावर सुरकुत्या होऊन उमटलं, असं मी तरी ते वाचते.

कादंबरीतली जादू अशी जिभेतून चालते. आता मियाझाकींच्या जागी बसून विचार करा. हे पडद्यावर कसं दाखवाल?

टोपीशी बोलणारी मुलगी दाखवता येईल. नंतर टोपी घातलेली बाई काउंटबरोबर पळताना दाखवता येईल. पण या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या की प्रेक्षकाला लगेच संबंध कळतो आणि सोफीला मात्र कळत नाही, मग ती बावळट वाटायला लागते. कादंबरीत आपण सोफीच्या डोक्याच्या आत बसलेले असतो. तिला जे सुचत नाही ते आपल्यालाही सुचू नये, अशी सोय लेखिका करू शकते. चार ओळींच्या गप्पांत एक महत्त्वाची ओळ दडवून ठेवता येते. कॅमेरा मात्र बाहेर उभा असतो. त्याला माणसाचा चेहरा दिसतो, चेहऱ्यामागे चाललेली बडबड ऐकू येत नाही. ती ऐकवायला निवेदनाचा आवाज वापरावा लागतो, आणि तो जास्त झाला की पडद्यावर आकाशवाणी सुरू आहे असं वाटतं.

मियाझाकींनी म्हणून टोप्यांची जादू जवळजवळ सोडूनच दिली. सिनेमातली सोफी मुकाट्याने टोपी शिवते. तिच्या बोलण्याला ताकद आहे असं तिला कुणी सांगत नाही. पण त्या जादूचा गाभा, म्हणजे स्वतःबद्दल जे मनात धरशील तशी तू दिसशील, हा त्यांनी उचलला आणि चेहऱ्यावर आणला. सिनेमात सोफी झोपली की तरुण दिसते, कारण झोपेत कुणी स्वतःला थोरली म्हणून कोसत नाही. राजवाड्यात ती हाउलची आई बनून जाते. राजाची मुख्य जादूगारीण मॅडम सुलिमन हाउलला नावं ठेवते, तेव्हा सोफी तिच्या तोंडावर त्याची बाजू घेते. बोलता बोलता पाठ ताठ होते, आवाज उजळतो, गाल भरतात. दोन-तीन वाक्यांत नव्वदीची बाई अठरा वर्षांची. मग सुलिमन शांतपणे म्हणते, आईसाहेब, तुमचं हाउलवर प्रेम आहे तर. हे ऐकून सोफी भानावर येते आणि पुन्हा म्हातारी होते.

आणि मग ते कुरण. 'तू सुंदर आहेस' हे वाक्य तिला पटत नाही, म्हणून चेहरा मागे जातो. भाचीला हवं होतं ते उत्तर एवढंच. कादंबरीत जे तोंडाने होतं, ते सिनेमात तोंडावर दिसतं.

हे चित्रपटात जमलं कारण तो हाताने चित्रं काढून केलेला आहे. हाडामांसाचे नट घेऊन केला असता तर एक तरुण नटी, एक वयस्क नटी, नाहीतर तासन्‌तास मेकअप. प्रत्येक बदल प्रेक्षकाला खटकला असता. चित्रात मात्र पन्नाशीची, सत्तरीची, तिशीची अशा मधल्या सोफी काढता येतात. नीट बघितलंत तर सिनेमात दोन सोफी नाहीत, सात-आठ तरी आहेत. कधी केस पांढरे पण पाठ सरळ, कधी सुरकुत्या आहेत पण डोळे मुलीचे. जपानी मूळ आवृत्तीत या सगळ्या सोफींना एकाच अभिनेत्रीचा आवाज आहे, चिएको बाइशो यांचा, आणि त्या तेव्हा साठी ओलांडलेल्या होत्या. इंग्रजी आवृत्तीत तरुण सोफीला एमिली मॉर्टिमर आणि म्हाताऱ्या सोफीला जीन सिमन्स असे दोन आवाज आहेत. दोघीही उत्तम. तरी मला विचाराल तर जपानीच ऐका, खाली उपशीर्षकं वाचत. एकाच गळ्यातून दोन्ही वयं आली की कळतं, बाई तीच आहे.

बाकी काटछाट किती? आपल्याकडे कहाणी संपताना म्हणतात, साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. सिनेमाचं काम नेमकं हेच, साठ पाचात बसवायचे. हा सिनेमा दोन तासांना मिनिटभर कमी आहे. कादंबरी मोठ्याने वाचायला घेतली तर संध्याकाळ पुरत नाही. त्यामुळे तीन बहिणींपैकी मार्था गळाली, आणि ती गेल्यावर 'तिघींत थोरली' हा विनोदही गेला. पंधरा वर्षांचा शिकाऊ मायकल सिनेमात नकली दाढी लावणारा छोटा मार्कल झाला, आणि मायकलची छोटी प्रेमकहाणी आपोआप संपली. मिसेस पेन्टस्टेमन आणि कादंबरीतला बेपत्ता जादूगार सुलिमन, या दोघांना कालवून एक मॅडम सुलिमन तयार झाली. माणसं एकत्र करणं ही पटकथेतली नेहमीची युक्ती. दोन पात्रांची दोन कामं एकाला दिली की ओळख करून देण्याचा वेळ वाचतो.

पण एक काटछाट निव्वळ वेळ वाचवायला केलेली नाही, तिच्याकडे जरा थांबून बघू.

किल्ल्याच्या दाराला चार रंगांची मूठ आहे. रंग फिरवला की दार वेगळ्या गावात उघडतं. हे दोन्हीकडे आहे. कादंबरीत काळा रंग खाली केला की दार उघडतं वेल्समध्ये. आपल्या जगातलं, ब्रिटनमधलं वेल्स! हाउल हा मुळात हॉवेल जेन्किन्स नावाचा वेल्श माणूस निघतो, रग्बीवाला, बहिणीकडून 'कामधंदा कधी करणार' अशी बोलणी खाणारा. बहिणीच्या घराचं नाव रिव्हेंडेल. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोल्किनच्या कादंबरीतलं एल्फ नावाच्या दिव्य लोकांचं निवासस्थान ते. आपल्याकडे बंगल्याला 'गोकुळ' नाव असतं तसं. जोन्स ऑक्सफर्डला शिकत असताना टोल्किनच्या व्याख्यानांना बसल्या होत्या, त्यामुळे ही पाटी कुणी लावली असेल ते समजतं.

आता या प्रसंगाची मजा बघा. सोफी वेल्समध्ये येते तेव्हा तिला एक चौकोनी पेटी दिसते आणि पेटीच्या पुढच्या बाजूवर हलणारी रंगीत चित्रं. तिला वाटतं, काय भयंकर जादू आहे ही. घोडे नसलेल्या गाडीत बसताना तिचा जीव मुठीत. वाचणाऱ्याला क्षणभर लागतो आणि मग हसू फुटतं, अरे, हा तर टीव्हीचा पडदा, ही तर मोटार! हे हसू शब्दांत आहे. शब्द एखादी वस्तू तुमच्यासमोर ठेवतात आणि तरी झाकून ठेवतात. पडद्यावर मोटार दाखवली की पहिल्या क्षणी ती मोटारच असते. झाकायला काही उरत नाही.

तसंच एक कवितेचं. जॉन डन या सतराव्या शतकातल्या कवीची, पडता तारा पकडून आण म्हणणारी एक कविता आहे. कादंबरीत ती हाउलच्या भाच्याच्या शाळेचा गृहपाठ असते, चुकून किल्ल्यात येते, आणि मायकल तिला मंत्र समजून सोडवायला बसतो. पुढे कळतं की चेटकिणीने हाउलला घातलेला शाप त्याच ओळींतून चालतो, आणि कवितेतली एकेक अशक्य गोष्ट खरी होत गेली की हाउलभोवतीचा फास आवळत जातो. गृहपाठाचा कागद, मंत्राचा कागद आणि शाप, तीनही एकच! हे वाचताना मागे जाऊन कविता पुन्हा पाहावी लागते. सिनेमात मागे जायची सोय नसते, निदान थिएटरात तरी.

म्हणून वेल्स गेलं, कविता गेली. पण दार राहिलं, आणि काळा रंगही राहिला. सिनेमात काळा रंग खाली आला की दार उघडतं अंधारात, आगीत, लढाईत.

कादंबरीत युद्ध कडेकडेने येतं. राजाला शेजाऱ्यांशी लढायचंय, त्यासाठी हरवलेला राजपुत्र हवाय, आणि हाउल ते काम टाळतोय, एवढंच. तोफेचा आवाज कुठे ऐकू येत नाही. सिनेमात मात्र आकाश युद्धनौकांनी भरून जातं, शहरं जळतात, हाउल रात्री राक्षसी पक्षी होऊन दोन्ही बाजूंच्या विमानांवर तुटून पडतो आणि पहाटे पंखांचं रक्त घेऊन परततो. त्याला माणूस म्हणून परत यायला दर वेळी जास्त कष्ट पडतात.

हे युद्ध कुठून आलं? थोडंसं बगदादहून. २००३ च्या मार्चमध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला आणि त्याच आठवड्यात मियाझाकींच्या 'स्पिरिटेड अवे'ला ऑस्कर मिळालं. ते घ्यायला ते गेले नाहीत. इराकवर बॉम्ब टाकणाऱ्या देशात जायचं नव्हतं, असं त्यांनी काही वर्षांनी सांगितलं. त्या सुमारास ते हाच सिनेमा करत होते. पण त्याहून जुनी गोष्ट आहे उत्सुनोमिया या शहराची. १९४५ च्या जुलैत तिथे बॉम्बफेक झाली तेव्हा मियाझाकी चार वर्षांचे होते, कुटुंबाबरोबर जळत्या शहरातून बाहेर पडलेले. घरचा कारखाना कसला, तर लढाऊ विमानांचे भाग बनवण्याचा. विमानाचं वेड आणि विमानाची भीती, दोन्ही एकाच घरात. सिनेमातली ती उडती जहाजं अशी देखणी का आहेत आणि तितकीच किळसवाणी का, हे मला ही माहिती कळल्यावर उमगलं.

जोन्सही युद्धातलंच मूल. जन्म १९३४ चा, युद्ध सुरू झालं तेव्हा लहानग्या डायनाला लंडनहून आजी-आजोबांकडे वेल्सला पाठवलं होतं. त्यांनी नंतर एकदा याच तुलनेवर बोट ठेवलं होतं, की दोघांनीही ते युद्ध लहानपणी पाहिलं पण दोघांची वाट उलट झाली. त्या स्वतः प्रत्यक्ष लढाई गोष्टीबाहेर ठेवतात आणि मियाझाकी ती आत आणतात. म्हणून एकाच काळ्या रंगाआड जोन्सबाईंकडे आजी-आजोबांचं वेल्स आहे आणि मियाझाकींकडे आग. आमच्या कुरणाच्या प्रसंगातही पुढच्याच क्षणी डोक्यावरून एक युद्धनौका घरघरत जाते. सोफी विचारते, आपली की शत्रूची? हाउल म्हणतो, काय फरक पडतो?

किल्ल्याचं थोडक्यात. कादंबरीतला किल्ला काळा, उंच, चार बुरुजांचा, धूर ओकणारा. तो सरकतो, पण कसा, पायांवर की चाकांवर, याची चर्चा नाही. मियाझाकींना तिथेच चिमटा बसला असं सांगतात, की हा हलतो म्हणजे नेमका कसा? त्यांनी त्याला कोंबडीचे पाय दिले, जीभ दिली, भंगारातले पत्रे, चिमण्या, घरांची छपरं दिली. चालताना तो कुरकुरतो, दमतो, वाफ सोडतो. वाचकाची सोय वाक्यात होते. चित्रकाराला मात्र सांधा कुठे, वजन कुठे, हे ठरवावंच लागतं.

सिनेमातला मला सगळ्यात आवडलेला प्रसंग कादंबरीत नाहीच. सोफी राजवाड्याच्या पायऱ्या चढते आहे. काखेत एक कुत्रं, ते जड. त्याच वेळी तिला शाप देणारी चेटकीणही पालखीतून येते. राजवाड्याच्या हद्दीत जादू चालत नाही म्हणून तिचे पालखीवाले विरघळून जातात, आणि एवढी मोठी बाई, हिरेमाणकं, फर, तीन हनुवट्या, पायऱ्या चढायला लागते. घाम, धापा, गळलेला मेकअप. मियाझाकी घाई करत नाहीत. दोन म्हाताऱ्या बायका पायऱ्या चढताहेत, इतकंच बराच वेळ. सोफी पुढे जाते, मागे वळून बघते, तिला चिडवते, मग हळूच धीर देऊ लागते. वर पोचल्यावर सुलिमन चेटकिणीची सगळी शक्ती काढून घेते आणि तिथे उरते एक विसरभोळी, सुटलेली आजी. सोफी तिला घरी घेऊन येते आणि चमच्याने भरवते.

कादंबरीत ही चेटकीण शेवटपर्यंत खलनायिका आहे आणि खलनायिका म्हणूनच मरते. तिथे ते शोभतं, कारण तिथे परीकथेचे नियम मोडून-वाकवून खेळ चाललाय. सिनेमात शाप देणारी आणि शाप भोगणारी एकाच चुलीपाशी बसतात, एकीला दुसरी म्हातारी कशी झाली ते आठवतही नाही. हा बदल पुस्तकाशी बेइमानी आहे का? असेल. पण मला वाटतं, म्हातारपणावरचं पुस्तक वाचून कुणी त्याबद्दल आणखी काही सांगू शकलं असेल तर ते इथे.

सगळंच जमलंय असं नाही. शेवट पाहून मी दोन्ही वेळा वैतागले. सोफी तिच्या मागेमागे फिरणाऱ्या बुजगावण्याचा मुका घेते, ते शेजारच्या देशाचा राजपुत्र निघतं, आणि सुलिमन जणू कंटाळून म्हणते की चला, हे मूर्ख युद्ध थांबवूया. दीड तास पेटवलेली आग फुंकरीने विझली. कादंबरीत याच बुजगावण्यामागे एक गुंतागुंतीचं रहस्य आहे. दोन माणसांचे तुकडे जोडून चेटकीण एक नवा माणूस बनवते आहे, आणि तिला फक्त हाउलचं डोकं हवं आहे. वाचताना डोकं खाजवावं लागतं, पण सुतं जुळतात.

हाउलचंही तसंच. सिनेमातला हाउल करुण आहे, डोळे पाणीदार, युद्धाने पोखरलेला. कादंबरीतला तास-तास मोरीत नटत बसणारा, पोरींमागे लागणारा, जबाबदारी दिसली की निसटणारा पळपुटा. न्हाणीघरातल्या बाटल्या सोफीने आवरताना उलटसुलट केल्या, केसांना भलताच रंग आला, की तो भोकाड पसरतो आणि अंगातून हिरवा चिखल सोडतो. हे दोन्हीकडे आहे, पण कादंबरीत ते त्याचं रोजचं आहे. शेवटी तो सांगतो की भीती वाटणारं काम करायचं असेल तर मी ते करतच नाहीये असं स्वतःला पटवून देतो, तरच माझ्या हातून होतं. बघा, पुन्हा स्वतःशी बोलणं! सोफी बोलून बोलून स्वतःला म्हातारी करते, आणि हा बोलून बोलून स्वतःला फसवत शूर होतो. सिनेमातला हाउल इतका गंभीर आहे की ही जोडी तिथे जुळत नाही. त्याची मला हळहळ वाटते.

भाचीने आता कादंबरी मागितली आहे. इंग्रजी तिला जरा जड जाईल, म्हणून रात्री मी वाचते आणि मराठीत सांगते. काल शेवट झाला. दोन्हीकडे शाप उतरतो, आणि दोन्हीकडे शेवटची गोष्ट निघते सोफीच्या केसांची.

सिनेमात शाप गेला तरी केस रुपेरीच राहतात. सोफी पुन्हा अठराची आहे, पण केस म्हातारीचे, आणि त्यांच्यावर ताऱ्यांचा उजेड पडल्यासारखं दिसतं असं हाउल म्हणतो. आपल्याला ते दिसतंच, त्याने सांगायची गरज नव्हती.

कादंबरीत केस पूर्वीसारखे होतात. हाउल शुद्धीवर आल्यावर तिला छेडतो की या रंगाला तू काय म्हणशील, तांबडा? सोफी त्याला ठणकावते, लालसर सोनेरी. भाची म्हणाली, "म्हणजे ती म्हणाली म्हणून आता तोच रंग होणार ना?"